भिंतीतला पिंपळ, अंगणातला निंब

पावसाळा तोंडावर आला की आपला कारखानदार पत्र्यावर ताडपत्री घालतो, मालाखाली फळ्या टाकतो आणि निश्चिंत होतो. भिंतीच्या भेगेतून डोकावणारा पिंपळ किंवा गाळ्यावर वाकलेली निंबाची फांदी याकडे लक्ष जाते ते नोटीस आल्यावरच. मग घाईत झाडावर कुऱ्हाड चालते, नाहीतर नोटीस गल्ल्यात पडून राहते. दोन्ही गोष्टी महागात पडतात.

31 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून 33 जण मरण पावले. 21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटे भिवंडीतील जिलानी इमारत कोसळून तीसहून अधिक जीव गेले. म्हणूनच इमारतीच्या देखभालीचे नियम आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी नीट समजून घेतले पाहिजेत.

मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम 353-ब नुसार 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते. राज्यातील इतर महापालिकांसाठी अशीच तरतूद कलम 265-अ मध्ये आहे. ही जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावरही आहे. “आम्ही पागडीचे, आमचा काय संबंध?” हे उत्तर चालत नाही.

मालक दुरुस्ती करत नसेल तर काय करावे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 मध्ये भाडेकरूला मार्ग दिला आहे. मालकाला किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतरही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरूंनी एकेकट्याने किंवा मिळून दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. नोटिशीची पोच आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

आता झाडांकडे वळू. महाराष्ट्रातील शहरांना 1975 चा झाडे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. झाड आपल्या खाजगी अंगणातले असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. या कायद्यात झाडाची व्याख्या इतकी व्यापक आहे की लहान रोपही त्यात येते. ‘तोडणे’ या शब्दात जाळणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही धरले आहे. बुंध्यात तेजाब ओतून झाड ‘आपोआप’ वाळवणारा स्वतःला हुशार समजत असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगारच ठरतो.

मात्र झाड मेलेले, रोगट किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असेल, तर तोडण्याची परवानगी मिळू शकते. लेखी अर्जात झाडाचे वर्णन, जागेचा नकाशा आणि कारण द्यावे. फोटो व इंजिनिअरचा अहवाल जोडला तर बाजू भक्कम होते. भिंतीत मूळ धरलेल्या पिंपळासाठीही हाच रस्ता धरावा. वरून छाटलेला पिंपळ पुन्हा फुटतो आणि दरवर्षी भेग रुंदावते. त्यापेक्षा तो उगवूच न देणे बरे. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले बी ओलसर भेगेत रुजते. म्हणून पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवाव्यात, गळके पाईप बदलावेत, पन्हळी साफ ठेवाव्यात.

आणखी एक चूक सर्रास होते. दुकानासमोर फरशी बसवताना आपण बुंध्यापर्यंत काँक्रीट करतो आणि खोडाला खिळे ठोकून पाटी लावतो. मुळांना पाणी व हवा मिळेनाशी होते आणि कमजोर झालेले झाड वादळात आपल्याच पत्र्यावर कोसळते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा व झाडांवरील पाट्या, तारा हटवण्याचा आदेश दिला होता. आपण तर आदेशाची वाट न पाहता हे करू शकतो. फरशी कमी बसली तरी सावली राहते, आणि उन्हात गिऱ्हाईक सावलीलाच थांबते.

बांधवांनो, रस्त्यातील इजा दूर करणे हा सदका आहे आणि माणूस, पाखरू वा जनावर ज्याचे फळ खाते ते झाड लावणे हाही सदका आहे, अशी पैगंबर मुहंमद (स.) यांची शिकवण आहे. मोडकी भिंत सावरणे आणि जिवंत झाड राखणे, दोन्ही या शिकवणीत बसतात. या आठवड्यात एकदा दुकानाबाहेर उभे राहून वर पाहा. भेग दिसली तर मालकाला नोटीस द्या, फांदी धोक्याची दिसली तर पालिकेत अर्ज द्या. मात्र पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नका.