रसावरून ऊस ओळखताना

काटेवाडीच्या शिवारात विहीर खणली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मग मांजऱ्या आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे शाळेतली पोरंही सांगतात. तो आला कुठून, याचं पुस्तकी उत्तर मात्र एका वाक्यात उरकलं जातं: हिंद महासागरात आज रियुनियन बेट आहे तिथून भारत सरकत होता आणि खाली पृथ्वीच्या गाभ्याच्या वेशीवरून उठलेला तप्त खडकाचा स्तंभ उभा होता. भूभौतिकशास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा हा दख्खनी अवतार. मुंबईच्या आयआयटीतले हेतु शेठ यांनी त्याला सातत्याने आव्हान दिलं; दख्खनपासून रियुनियनपर्यंत अशा स्तंभाचा मागमूस नाही, असं त्यांच्या २००५ च्या निबंधाचं शीर्षकच बजावतं. त्यांचा निष्कर्ष टिको न टिको, दगडाचं रसायन नेमकं कशाची साक्ष देतं, हा त्यांच्या टीकेमागचा प्रश्न टाळता येत नाही.

उसाच्या पट्ट्यात तो समजावणं सोपं आहे. प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला खडकाचा जाड थर, हा ऊस; लाव्हा म्हणजे रस. चिपाड खालीच राहतं आणि भूरसायनशास्त्रज्ञाच्या हाती फक्त रस येतो. बेरियम, झिर्कोनियम अशी मूलद्रव्यं पहिल्या पिळातच बाहेर पडतात. पीळ वाढला की रस त्यांच्या बाबतीत पातळ होत जातो. म्हणजे त्यांचं प्रमाण ऊस कसा होता आणि किती पिळला, या दोन्हींवर अवलंबून. स्ट्रॉन्शियमच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं गुणोत्तर मात्र कितीही पिळलं तरी बदलत नाही. उसाची जात त्यावरून कळते. रस वर येताना जुन्या ग्रॅनाइटी कवचाची माती खरवडून आला असेल, तर हे गुणोत्तर चढतं. १९८० च्या दशकात जॉन महोनी, कीथ कॉक्स, पीटर हूपर, के. व्ही. सुब्बाराव आदींनी सह्याद्रीचे घाट थराथराने तपासले तेव्हा दिसायला सारखेच काळे थर वेगवेगळे निघाले: ‘बुशे’ थर कवचाने चांगलाच मळलेला, ‘आंबेनळी’ बराच निर्मळ. या ओळखपरेडीची ताकद एवढी, की दख्खनच्या सलग पठारापासून शेकडो किलोमीटर दूर, गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीजवळचा बेसॉल्ट आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांचा भाऊबंद निघाला. नाशिककडची नदी जिथे समुद्र गाठते, तिथवर सह्याद्रीचा लाव्हाही पोचला होता!

पण रसाची चव उसाची जात सांगते, शेत किती खोल नांगरलं होतं ते सांगत नाही. निर्मळ आंबेनळी थराचं साम्य हिंद महासागराच्या तळावरच्या पर्वतरांगेतल्या बेसॉल्टशी अधिक आहे, आणि तो खडक तर उथळ प्रावरणातून येतो. यावर आक्षेप असा: १९९३ मध्ये आशिष बसू आणि सहकाऱ्यांना दख्खनशी निगडित अल्कली खडकांत हेलियम-३ चं चढं प्रमाण आढळलं, आणि हा वायू तर पृथ्वीच्या जन्मापासून खोल कोंडलेला. आक्षेप वजनदार आहे, निर्णायक नाही. मोजलं जातं ते हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचं गुणोत्तर. हेलियम-४ युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून साठत जातो. ही मूलद्रव्यं जिथे तुटपुंजी, तिथे गुणोत्तर आपोआप चढं राहू शकतं, मग ती जागा खोल असो वा उथळ.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. रियुनियनभोवतीच्या समुद्रतळावर भूकंपमापक ठेवून केलेल्या अभ्यासातून २०२१ मध्ये गाभ्याच्या सीमेपासून वर फांद्या फुटत गेलेल्या झाडासारखी तप्त रचना दिसली. स्तंभवाद्यांसाठी हा मोठा आधार आहे, पण तो मिळाला भूकंपलहरींकडून. शिवाय ते चित्र आजचं आहे, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं नव्हे. रसायनाने ऊस ओळखावा, खोलीचा पत्ता लहरींनी शोधावा. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलं की विज्ञानाची पोथी होते. तोवर पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्यात एकच शब्द वाढवला तरी पुरे: ‘बहुधा’.