लातूर-नांदेडचं पिवळं पडणारं सोयाबीन

जुलैत झड लागून उघडली की लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्याच. अनेक जण ताबडतोब युरिया टाकतात. पण नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. शेंड्याचा पिवळेपणा ही लोहाची ओरड असते.

जमिनीत लोह भरपूर असतं, फक्त मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू ८ च्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. पाणी साचलं की बायकार्बोनेट वाढून अडचण दुप्पट. म्हणून आधी पाणी काढून द्यावं, वाफसा येऊ द्यावा आणि चिलेटेड लोहाची फवारणी घ्यावी. रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या रानात पाणी मुळाशी थांबत नाही, हा मोठाच फायदा.

आता गंधक. सोयाबीन तेलबिया आहे, त्याला गंधक हवंच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश आणि २० गंधक अशी. एकरी २४ किलो स्फुरद डीएपीच्या साधारण ५२ किलोंतून मिळतं, पण त्यात गंधक नाही. तेवढंच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून घेतलं, तर सोबत सुमारे १६ किलो गंधक येतं! डीएपीच्या टंचाईत रांगा लावणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा.

आणि पेरणीआधी एवढं लक्षात ठेवावं: बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम. क्रम उलटा नको.