मधुचंद्राचा बेत : बेटावर आधी काय, नंतर काय?

लग्नाची तारीख ठरली, हॉल मिळाला, की घरात पुढचा प्रश्न निघतो : लग्नानंतर फिरायला कुठे जाणार? एके काळी याचे उत्तर महाबळेश्वर किंवा माथेरान असे. आता त्याच्या जोडीला अंदमान, मालदीव, बाली अशी नावे येतात. त्यातही पासपोर्ट-व्हिसाची कटकट नको म्हणून अनेक मराठी जोडपी अंदमान निवडतात. पाच रात्री, सहा दिवसांचे पॅकेज ठरते. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. एक दिवस स्कूबा, एक दिवस सेल्युलर जेल. हॉटेलचे फोटो पाहिले जातात आणि आगाऊ रक्कम भरली जाते.

या सगळ्या घाईत एक गोष्ट मागे राहते. बेटावरच्या सहलीत कोणती गोष्ट कोणत्या दिवशी आणि किती वाजता करायची, याचा थेट संबंध प्रकृतीशी असतो. तोच कार्यक्रम नुसता मागेपुढे केला तरी त्रास टळू शकतो. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी कागद-पेन घेऊन दिवसांचा क्रम मांडणे हीच खरी पूर्वतयारी.

दगदगीनंतर थेट विमान नको

हळद, संगीत, लग्न, स्वागतसमारंभ, सत्यनारायणाची पूजा, गोंधळ, कुलदैवताचे दर्शन. या आठवड्यात वधू-वरांची झोप रोज चार-पाच तासांवर येते. जेवणाच्या वेळा चुकतात, पाणी कमी प्यायले जाते, शेकडो माणसांच्या संपर्कात सर्दी-खोकला सहज जडतो. अशा अवस्थेत पहाटेचे विमान, चेन्नई किंवा कोलकात्याला बदल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोट, हे शरीराला झेपत नाही.

शेवटचा विधी आणि विमान यांत किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवावेत. या दोन दिवसांत सर्दी उतरते की वाढते, हेही कळते. त्याला पुढे स्कूबाच्या वेळी महत्त्व येणार आहे. लग्नाआधी पार्लरमध्ये केमिकल पील किंवा लेझर करून घेतले असेल, तर ती त्वचा उन्हाला अधिक नाजूक झालेली असते. समुद्रावर जाणार असल्याचे संबंधितांना आधीच सांगावे.

पाळीचे गणित दोघांनी मिळून

लग्नाच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे औषध दिले जाते. अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी ते सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. समजा, लग्न १२ तारखेला झाले, १४ तारखेच्या पूजेनंतर गोळ्या थांबवल्या, तर पाळी १६-१७ तारखेला येणार. पॅकेजनुसार त्या दिवशी जोडपे हॅवलॉकच्या किनाऱ्यावर असते! गोळ्या आणखी किती दिवस घ्यायच्या, हे मैत्रिणीला किंवा औषधविक्रेत्याला विचारून ठरवू नये. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा विकार किंवा तीव्र अर्धशिशी असेल, तर हे औषध धोक्याचे ठरू शकते. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे पाळी पुढे ढकलण्याची ही गोळी गर्भनिरोधक नाही. तिच्यावर विसंबून राहिलेल्या जोडप्यांना परतल्यावर नको असलेली बातमी मिळू शकते. नियमित गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या असतील, तर त्या पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करणे सोयीचे. नंतर सुरू केल्या तर पहिले सात दिवस निरोध वापरावा लागतो. म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञाची भेट लग्नाच्या निदान एक-दोन महिने आधी व्हायला हवी. निरोध हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि तो संसर्गापासूनही संरक्षण देतो. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर घेतली तितकी परिणामकारक असते. मात्र ती नेहमीचा उपाय नव्हे. लहान बेटावर हवे ते औषध हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही, त्यामुळे लागणाऱ्या गोष्टी घरूनच न्याव्यात.

ठरवून झालेल्या लग्नात हा विषय काढायचा संकोच वाटतो. ‘ती बघेल’ किंवा ‘तो बघेल’ असे दोघेही समजून चालतात. मूल केव्हा हवे, तोवर काय वापरायचे आणि पाळीची तारीख कोणती, हे तीन प्रश्न साखरपुडा ते लग्न या काळात एकदा बोलून घेतले, तर प्रवासाचा बेतही नेमका आखता येतो.

बोट लागते त्यांच्यासाठी

पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले आणि हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. नावे बदलली तरी मधला समुद्र तोच. बोटीच्या प्रकारानुसार हा प्रवास दीड ते अडीच तासांचा असतो. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला ‘आपण हलतो आहोत’ असे सांगते, तर बंद केबिनमधले डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. घाटात गाडी लागणाऱ्यांना बोटही लागण्याची शक्यता जास्त.

बोटीच्या मधल्या भागात, शक्यतो खालच्या बाजूला हेलकावे कमी बसतात. नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइल बाजूला ठेवावा. उपाशीपोटी निघू नये, तसेच तेलकट नाश्ताही टाळावा. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याच्या तासभर आधी घेतली तरच उपयोग होतो. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून ती घेऊन त्याच दिवशी स्कूबा करू नये.

गर्भनिरोधक गोळी घेतल्यानंतर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी वाया गेली असे समजून दुसरी घ्यावी लागते. सकाळची बोट असेल, तर गोळीची वेळ रात्रीची ठेवलेली बरी.

तिथला सूर्य वेगळ्या वेळेचा

अंदमानात घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच, पण सूर्य मात्र मुंबईपेक्षा सुमारे ८० मिनिटे पुढे असतो. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या जवळपास २० रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे, असा हा साधा हिशेब. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो साडेबारा-पाऊणच्या सुमारास. अंदमानात अकरा ते साडेअकराच्या दरम्यान. म्हणजे ‘बाराच्या आत परत येऊ’ असे म्हणत दहा वाजता किनाऱ्यावर उतरलेले जोडपे नेमक्या सर्वांत कडक उन्हात सापडते. शिवाय ही बेटे विषुववृत्ताच्या अधिक जवळ. पोर्ट ब्लेअरला सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच. समुद्रावरच्या वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही, पण अतिनील किरणांचे काम सुरूच असते.

यावर उपाय म्हणजे दिवस लवकर सुरू करणे. उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी अडीचनंतर किनारा, मधल्या वेळेत सावली. पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा. त्याने प्रवाळांवर रसायनेही कमी उतरतात. उघड्या भागावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे.

याच हिशेबाने सूर्यास्तही लवकर होतो. डिसेंबरात राधानगर किनाऱ्यावर तो पाचच्या सुमारास उरकतो. मुंबईच्या सवयीने सहाला पोहोचणाऱ्यांना अंधार भेटतो. अंधारात पाण्यात उतरू नये. अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकजवळ एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. अशा घटना विरळ असल्या, तरी सूचनाफलक आणि जीवरक्षकांचे म्हणणे मोडू नये.

आधी स्कूबा, मग विमान

क्रमाची चूक सर्वांत महाग पडते ती इथे. पाण्याखाली दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. नवशिक्यांना नेतात त्या १२ मीटर खोलीवर तो जमिनीवरच्या दुपटीहून अधिक असतो. त्या दाबाखाली श्वासातून घेतलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. त्याला तास लागतात. तेवढ्यात विमानात बसले, तर केबिनमधला दाब जमिनीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो आणि झाकण उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे शरीरात बुडबुडे तयार होऊ शकतात. सांधेदुखी, मुंग्या, पुरळ, चक्कर, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे. थकवा प्रवासाचा म्हणून आणि सांधेदुखी नाचण्याची म्हणून सोडून दिली जाते. त्यावर शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्षातील उपचार लागतात आणि ते प्रत्येक बेटावर उपलब्ध नसतात.

एकाच उथळ डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमान टाळावे, असा सर्वमान्य संकेत आहे. २४ तास थांबणे अधिक सुरक्षित. त्यामुळे हॅवलॉकला पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी स्कूबा आटोपावे. हवामानामुळे तो पुढे ढकलला आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी ‘उरकून घ्या’ असे कोणी म्हटले, तर नाही म्हणावे. डोक्यावर शिरस्त्राण घालून समुद्रतळाशी चालण्याच्या खेळातही दाबाखालची हवाच घेतली जाते, म्हणून तिथेही हाच संयम पाळावा. नळीने पृष्ठभागावर तरंगत करायच्या स्नॉर्केलिंगला मात्र ही अट नाही.

सर्दी असताना डाइव्ह करू नये. नाक-कान जोडणारी नलिका बंद असली, तर दाब जुळत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होते. डाइव्हपूर्वी भरायच्या फॉर्मवर दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भधारणा असे प्रश्न असतात. घाईत सगळीकडे ‘नाही’ची खूण करणे म्हणजे प्रशिक्षकाला अंधारात ठेवणे. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये. १० मीटरवरून वर येताना रोखलेली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते.

लघवीची जळजळ

नव्या लैंगिक संबंधांनंतर स्त्रियांना होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गाला वैद्यकात ‘हनिमून सिस्टायटिस’ असेच नाव पडले आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे ई-कोलाय हे आतड्यातले जिवाणू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. त्यात प्रवासात स्वच्छतागृह नको म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी दाबून ठेवणे याची भर पडते.

दिवसभर पुरेसे पाणी प्यावे, संबंधांनंतर लघवीला जाऊन यावे आणि ओले पोहण्याचे कपडे लवकर बदलावेत. जळजळ, सारखी लघवीला लागणे एवढेच असेल, तर डॉक्टरांना दाखवून योग्य प्रतिजैविकाचा छोटा कोर्स पुरतो. थंडी-ताप, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखणे, उलट्या असतील, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तेव्हा वाट पाहू नये. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे, त्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. हा आजार कुणाच्या चारित्र्याचा किंवा अस्वच्छतेचा पुरावा नाही. लाजेने तो लपवणाऱ्या नवऱ्या मुलीला नवऱ्याने ‘चल, दवाखान्यात जाऊ’ म्हणणे, याची किंमत महागड्या कँडललाइट डिनरपेक्षा अधिक.

समुद्रासाठी एक दिवस राखीव

डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना नौदल आणि तटरक्षक दलाने बाहेर काढले. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात दाखल होतो. समुद्र तुलनेने शांत मिळतो तो जानेवारी ते एप्रिलमध्ये. मुहूर्त इतर महिन्यांतला असेल, तर सहल पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. जावेच लागले, तर रोजच्या औषधांचा तीन दिवसांचा जादा साठा जवळ असावा. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर रुग्णाला पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयात हलवावे लागते आणि तेही समुद्र परवानगी देईल तेव्हा. प्रवास विम्यात स्कूबासारखे खेळ धरले आहेत का, हेही पॉलिसी वाचून पाहावे.

सहा दिवसांचा क्रम असा लावता येईल : पहिला दिवस पोर्ट ब्लेअरला विश्रांती. दुसऱ्या दिवशी हॅवलॉक आणि लवकर झोप. तिसऱ्या सकाळी स्कूबा. चौथा दिवस मोकळा, म्हणजे बोट बंद राहिली तरी हाताशी वेळ. पाचव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परत, दुपारनंतर सेल्युलर जेल. सहाव्या दिवशी विमान. यात नील बेट सुटते, हे खरे. पण पुढच्या खेपेला, कदाचित लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी, ते तिथेच असेल.