दारचा बांबू

‘आमच्याकडे आहे काय, सर? नुसता बांबू!’ गडचिरोलीकडची मुले असे म्हणाली, की मी त्यांना धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची हकीकत सांगतो. पाळण्यापासून तिरडीपर्यंत सोबत करणारा बांबू तिथेही दारचाच. पण एके काळी तो कागदगिरणीसाठी तुटे. गावकरी अभ्यासगटात बसून कायदा शिकले. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा बांबूची हिरवाई डोळे भरून पाहा आणि त्याचा हिशेबही मांडा, एवढेच मी मुलांना सांगितले आहे.