रीमिक्स आणि स्वामित्वहक्काचे अपवाद

कायद्याच्या दृष्टीने एका मुद्रित गीतात तीन भिन्न वस्तू नांदतात: शब्द, स्वररचना आणि ध्वनिमुद्रण. रीमिक्सचा विचार करताना हा भेद विसरून चालत नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली ३१-सी हे कलम घालण्यात आले. पहिले मुद्रण ज्या वर्षी झाले त्याच्या अखेरीपासून पाच वर्षे लोटल्यावर तेच गीत नव्याने गाऊन मुद्रित करण्याची मुभा ते देते. मात्र पूर्वसूचना आणि आगाऊ मानधन आवश्यक. शिवाय शब्द व चाल यांत, तांत्रिक निकड वा मालकाची पूर्वसंमती असल्याखेरीज, बदल करता येत नाही. म्हणजे जो बदल हाच रीमिक्सचा प्राण, तोच येथे वर्ज्य! मूळ मुद्रणातील तुकडा संगणकावर कापून घेण्याची सवलत तर या कलमात मुळीच नाही. कलम ५२ मधील 'न्याय्य व्यवहार' खाजगी उपयोग, टीका-समीक्षण व चालू घडामोडींचे वृत्त यांपुरता आहे. विडंबनाचा त्यात नामनिर्देश नाही. लग्नाच्या वरातीतील संगीताला मात्र तेथेच स्पष्ट सूट आहे. उरतो तो काळाचा आधार, आणि तोही अपुरा. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रणावरील हक्क २०२० च्या अखेरीस संपला. परंतु त्यातील शब्द व चाल यांवरील हक्क कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो.