गुन्हा एक, शिक्षा दोन

जामीन द्यायला, वकील गाठायला कामगारांबरोबर मी पुष्कळदा कोर्टात गेलो आहे. बाहेरच्या बाकावर एक प्रश्न हमखास कानी येई : “दोघांनी मिळून केलं, मग शिक्षा निराळी का?” प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही.

एक उदाहरण कल्पू. दोघांनी रस्त्याकडेला ठेवलेले तांब्याच्या तारेचे भेंडोळे चोरले. किंमत चार हजार रुपये. पहिल्याच्या नावावर काही नाही. दुसऱ्याला याच कलमाखाली पूर्वी शिक्षा झालेली. समान इराद्याने केलेल्या कृत्याला दोघे सारखेच जबाबदार, म्हणून दोषी दोघेही. परंतु 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे 303(2) हे कलम येथून दोघांच्या वाटा वेगळ्या करते. माल पाच हजारांच्या आतला, दोषी प्रथमच ठरलेला आणि माल परत केलेला, तर समाजसेवेची शिक्षा. दुसऱ्याला मात्र कमीत कमी एक, जास्तीत जास्त पाच वर्षे सक्तमजुरी, शिवाय दंड.

एकदा ठेच लागूनही जो पुन्हा तेच करतो, त्याचा दोष वाढतो, हे पटण्यासारखे आहे. पण जुनी शिक्षा त्याने भोगलेली असते. फेडलेल्या कर्जाची वसुली पुन्हा होता कामा नये. पूर्वेतिहासाने शिक्षा वाढावी, पण आजच्या गुन्ह्याच्या मापाबाहेर जाऊ नये.

खरी मेख पुढेच आहे. बेत पहिल्याने रचला आणि दुसरा नुसता पहाऱ्याला उभा राहिला असेल तर? कलमाचे शब्द नोंद पाहतात, कोणी काय केले ते पाहत नाहीत. एक ते पाच वर्षांमधल्या अंतरात ते पाहणे हे न्यायाधीशाचे काम.

‘पूर्वेतिहास’ हा शब्दही पारखून घ्यावा. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला त्यांची वसाहत होती. तो कायदा 1952 साली रद्द झाला, परंतु संशय काही रद्द झाला नाही. संशयावरून झालेली अटक म्हणजे शिक्षा नव्हे; त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

दोषी ठरल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे ऐकण्याची तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, 2023 च्या संहितेतही ती आहे. गरीब माणूस त्या वेळी “दया करा” एवढेच म्हणतो. त्याने सांगावे : माझा वाटा किती, जुनी शिक्षा कधीची, त्यानंतर मी कसा राहिलो. शिक्षा निराळी असू शकेल. पण का निराळी, हे बाकावरच्या त्याच्या आईलाही कळले पाहिजे.