प्रमाणित संचातून सुवाह्य पटखेळांचे आरेखन : ‘पीसपॅक’च्या संदर्भात

प्रस्तावना
पत्त्यांच्या 52 पानांत रमी व ब्रिज हे दोन्ही खेळ सामावतात. पटावरील खेळांचे सहसा तसे नसते. सारीपाटाचा कापडी पट गुंडाळून कोठेही नेता येतो. परंतु त्याची आखणी त्या एकाच खेळासाठी असते. एकाच संचातून अनेक पटखेळ सिद्ध व्हावेत, या हेतूने अमेरिकेतील जेम्स काइल यांनी 2000 साली ‘पीसपॅक’ हा संच तयार करून सर्वांच्या वापरासाठी खुला केला. प्रस्तुत लेखात या संचाच्या आधारे खेळ-आरेखनाचे स्वरूप विशद केले आहे.

संचाची रचना
संचात 24 चौरस फलक, 24 चकत्या, 4 प्यादी व 4 फासे असतात. सूर्य, चंद्र, मुकुट व कुलचिन्ह ही चार चिन्हे असून प्रत्येकाची शून्य, एक्का, 2, 3, 4, 5 अशी सहा मूल्ये आहेत. फलकाच्या एका बाजूस चिन्ह व मूल्य असते. दुसरी बाजू चार घरांत विभागलेली असते. चकतीच्या एका बाजूस केवळ चिन्ह, तर दुसऱ्या बाजूस केवळ मूल्य असते.

आरेखनाची प्रक्रिया
हाती असलेल्या साधनांतून काय साधेल, येथून आरेखनास प्रारंभ होतो. चेकर्सचे उदाहरण घेता, 16 फलकांतून 64 घरांचा पट तयार होतो. प्रत्येक खेळाडूने दोन चिन्हे घेतल्यास त्यास आवश्यक त्या 12 चकत्या मिळतात. मात्र ‘राजा’ झालेली चकती उलटून दर्शविता येत नाही. कारण चिन्ह झाकले जाऊन ती कोणाची, हेच कळत नाही. म्हणून मारलेली एखादी चकती तिच्याखाली ठेवावी लागते. हीच अडचण युद्धाच्या खेळात गुण ठरते. चिन्ह वर ठेवल्यास सैन्य कोणाचे ते दिसते, त्याचे बळ मात्र गुप्त राहते.

मर्यादा
या चिन्हांना स्वतःचा निश्चित अर्थ नाही. प्रत्येक खेळात तो नव्याने ठरवावा व खेळाडूंनी लक्षात ठेवावा लागतो. अर्थांची संख्या वाढली की खेळ बोजड होतो.

समारोप
संच पिशवीत मावतो आणि नवा खेळ म्हणजे केवळ नियमांचा कागद उरतो. नियम चुकला तर साहित्य वाया जात नाही. त्याच तासिकेत तो बदलून विद्यार्थ्यांना पुन्हा खेळून पाहता येतो. आरेखनाच्या अध्यापनात या संचाचे महत्त्व यातच आहे.